शीट नंबर एकशे सतरा

ट्रेसिंग क्लॉथवरची शाई पुसली जात नाही,
खरवडावी लागते.
अर्धं ब्लेड, तर्जनीचा हलका दाब,
मग नखाच्या पाठीनं कापड घोटायचं,
म्हणजे वरची नवी रेघ फुटत नाही.
नझूलच्या कचेरीत बत्तीस वर्षं हेच केलं मी.
सदरमधला दुसरा मजला,
कूलरच्या ओल्या खसचा वास,
मे महिन्यात निबवरच वाळणारी शाई.

एके दिवशी एकशे सतरा नंबरची शीट आली,
सोबत चिठ्ठी : निळा काढावा.
एवढंच. सही लागत नव्हती.
निळा म्हणजे चिंचबोडी, सव्वाअकरा एकर,
पाण्याच्या आडव्या रेघा, काठानं चिंचांचे बारके गोल,
एक घाट,
आणि आधीच्या कुणा ट्रेसरनं हौसेनं काढलेला
तांदळाएवढा डोंगा.
डब्याच्या सुट्टीआधी अर्धी बोडी गेली,
चहापर्यंत उरलेली.
डोंगा सगळ्यात शेवटी.
तिथं लिहिलं, मोकळी जागा.
अक्षर माझं चांगलं होतं.

पुढे कर्मचाऱ्यांची सोसायटी निघाली.
चिठ्ठ्या टाकल्या, मला एक्केचाळीस नंबर लागला.
खोटं कशाला बोलू, पेढे वाटले.

आता पत्ता लिहिते : चिंचबोडी ले-आऊट.
चिंच नाही, बोडी नाही,
ले-आऊट आहे.

पलीकडच्या वस्तीत तीनशे फुटांवर बोअर कोरडी,
आमच्याकडे बावीसला पाणी.
भाद्रपदात फरशीला घाम येतो.
देव्हाऱ्याखालची ओल दरवर्षी
त्याच उंचीवर येऊन थांबते.
गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंग करून घ्या.
मी पेन्सिलीनं तिची कड आखून ठेवते.
हाताची सवय, दुसरं काय.

आश्विन लागला की डोमा नान्हे येतो,
हातगाडीवर उकडलेले शिंगाडे,
काळे, शिंगं रोखलेले.
गाडी लावतो ती स्पीडब्रेकरच्या अलीकडेच.
इथंच काहून रे, म्हटलं एकदा.
"डोंगा इथंच बांधत होतो ना, रेवतकर बाई.
तुमचं गेट हाय, तिथं दोन पुरुस पाणी.
थे शाळेची बस उभी हाय ना,
तिच्याखाली तं बूडच लागे नाही."
बिडी आणायला पलीकडे जातो तेव्हा
सरळ रस्ता ओलांडत नाही तो,
कोरड्या डांबरावरून वळसा घालून जातो.
शिंगाडे आता रामटेककडून आणतो.
शेरावर दोन जास्त टाकतो मला,
जुनी गिऱ्हाईक म्हणून.

ब्लेडचं त्याला कधी सांगितलं नाही.

वरच्या भाडेकरूंचा प्रांशू सहावीत आहे.
शाळेचा प्रकल्प : जगातली नाहीशी झालेली ठिकाणं.
चार्ट पेपरवर त्यानं चिकटवलेत
वाळूत गंजत उभी जहाजं, समुद्र कधीचा उठून गेलेला,
भरतीला थडगी वाहून जाणारं एक बेट,
आणि एक हिमनदी, जिच्या नावाची
लोकांनी दगडावर पाटी बसवली.
"नऊ झाली. दहा पाहिजेत, काकू.
तुम्हाला माहितीये एखादं?"
तोंडात शिंगाडा. पिठूळ, थोडा चिखलाच्या चवीचा.

मी त्याचा निळा स्केचपेन घेतला.
सगळं आलं हातात, आपोआप :
पूर्वेचा फुगवटा, दक्षिणेला बैलाच्या जिभेसारखं टोक,
चिंचा, मोजून चौदा.
मीच चकित.
प्रांशू म्हणाला, हे कुठल्या देशात आहे?

घाट मात्र कुठल्या अंगाला होता, आठवेना.
दोनदा काढला, दोनदा चुकला,
आणि स्केचपेन काही खरवडता येत नाही.

खाली गाडी उभी आहे. स्टोव्हचा आवाज येतोय.
जाऊन विचारलं तर डोमा सांगेल लगेच.
सांगेल, आणि मग विचारेल,
बाई, तुमाले कसं ठाव
घाट होता म्हणून?